आगोटीचे जळण आणि लाकूड फोडण्याचे यंत्र

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, लग्नकार्यांतील अनाठायी खर्च, वधूवरसूचक शाखेची कामगिरी अशा मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली. त्या मालिकेत सरपणासारखा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. कार्यकारी मंडळाने हा विषय आमच्याकडे सोपविला तो आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार आहोत म्हणून नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना त्रैराशिक शिकविण्यात गेले. परंतु सेवानिवृत्तीनंतर आम्ही श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावी राहतो, आणि ट्रॅक्टरला जोडून चालणारे लाकूड फोडण्याचे यंत्र तेथे दोन हंगाम डोळ्यांदेखत चालताना आम्ही पाहिले आहे. हे यंत्र मंडळाने विकत घ्यावे किंवा कसे, असा ठराव आज दुपारी आपणांपुढे यावयाचा आहे. हात वर करण्यापूर्वी ते काय करते, काय करीत नाही, आणि कोणाच्या हातास काय करू शकते, हे सर्वांस ठाऊक असावे एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

मुंबई-पुण्याची मंडळी प्रथमच विचारतील की, घरोघर गॅस आल्यावर लाकडाचे आता प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या वाडीतही ज्यांच्या घरी कधी शेगडी नव्हती त्यांच्या घरी सिलिंडर आला. चहा, भाजी, पोळी त्यावर होऊ लागली. परंतु आंघोळीचे पाणी अद्याप न्हाणीघरातल्या चुलीवर किंवा बंबातच तापते. भात उकडावयाचा तर मोठे भांडे अंगणातल्या चुलीवर चढते. गणपतीत पन्नास माणसांचा स्वयंपाक, लग्नाच्या आदल्या रात्रीची भट्टी, यांस सिलिंडर पुरत नाही आणि परवडतही नाही. शिवाय एक कार्य असे आहे की त्यास आमच्या गावी लाकडावाचून दुसरा मार्गच नाही. त्याविषयी पुढे बोलावयाचे आहे.

आता मूळ कथेकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ज्यांची घरे त्या पट्ट्यात आहेत त्यांना त्या दुपारचे वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे आणि फणस मुळांसकट उपटून घरांवर, गोठ्यांवर, पाणंदीवर पडले. टाळेबंदीचा काळ होता. मजूर मिळत नव्हते, वीज आठवड्यामागून आठवडे नव्हती. सरकारी माणसांनी आणि गावच्या तरुणांनी करवती चालवून रस्ते मोकळे केले, बुंध्यांचे ओंडके पाडले आणि ते कडेला लोटले. पंचवीस-पंचवीस, तीस-तीस इंच व्यासाचे ते ओंडके पाहून आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘मास्तर, आता दहा वर्षे सरपणाला मरण नाही.’’

त्याच पावसाळ्यात, आषाढात, वाडीतील एक आजीबाई वारल्या. वय झालेले होते, मरण शांत आले. परंतु स्मशानात नेण्यास फोडलेले कोरडे लाकूड साऱ्या वाडीत मिळून अर्धी चिता रचण्यापुरतेही निघेना. प्रत्येकाची आगोटीची बेगमी वादळाने भिजविली होती, कित्येकांची तर पडवीच उडाली होती. एका चितेस साधारण तीनशे किलो लाकूड लागते. रस्त्याच्या दुतर्फा शेकडो खंडी लाकूड पडलेले, आणि त्यांतले एक ढलपे पेट घेण्याच्या लायकीचे नाही! तिघे-चौघे जण भर पावसात कुऱ्हाडी घेऊन आंब्याच्या ओंडक्यावर तुटून पडले. ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतून बसे, ती काढण्यातच दम जाई. शेवटी डिझेल आणि जुने टायर यांचा आधार घेऊन ते कार्य उरकावे लागले. उरकावे लागले, हाच शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. त्या माउलीच्या मुलाने त्या दिवशी खाली घातलेली मान आम्ही विसरलेलो नाही. त्याचा काडीमात्र दोष नव्हता.

लाकूड आणि सरपण यांत असा फरक आहे. झाड पडले म्हणजे लाकूड मिळते. सरपण मिळण्यास ते तोडावे, फोडावे आणि वाळवावे लागते. यांतील फोडणे हे केवळ चुलीच्या तोंडात मावावे म्हणून करावयाचे असते, असा पुष्कळांचा समज आहे. खरे पाहता फोडावयाचे ते वाळण्यासाठी. झाडाची साल ही पाणी आत राखण्यासाठीच निसर्गाने दिलेली आहे. सालीसकटचा ओंडका फक्त दोन्ही टोकांनी वाळतो. त्याची चार शकले केली म्हणजे आतला गाभा उघडा पडून चहूकडून वारा लागतो. आम्ही याचा साधा प्रयोग केला. एकाच झाडाचा एक आख्खा ओंडका आणि त्याशेजारचा फोडलेला ओंडका पडवीत ठेवून दर पंधरवड्यास दोहोंचे वजन करीत गेलो. फोडलेल्याचे वजन भराभर उतरत जाऊन उन्हाळा संपण्यापूर्वी स्थिरावले. आख्खा ओंडका मात्र हट्टाने आपले पाणी धरून राहिला, आणि पुढे तर त्यास अळंबी फुटली. लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची हीच सर्वांत सोपी रीत आहे: लागोपाठ दोन वजनांत फरक पडेनासा झाला म्हणजे ते वाळले. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी दोन फाटी एकमेकांवर आपटून पाहावीत. कोरडी असली तर खणखणीत वाजतात, ओली असली तर भद्द आवाज येतो.

ओल्या लाकडाचा तोटा किती, याचे गणित मांडून दाखविण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. मास्तरकीची सवय सुटत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात अर्ध्याच्या आसपास पाणी असते. म्हणजे शंभर किलोत पन्नास किलो पाणी. एक किलो पाणी उकळीपर्यंत तापविण्यास सुमारे ७० आणि त्याची वाफ करण्यास ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. पन्नास किलोंस ३०,५०० लागल्या. कोरडे लाकूड किलोमागे साधारण साडेचार हजार किलोकॅलरी देते. तेव्हा जवळजवळ सात किलो चांगले लाकूड केवळ पाणी उडविण्यात खर्ची पडले. हा तोटा काही फार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु खरी हानी याहून मोठी आहे. पाण्यामुळे जाळ थंड राहतो, आणि थंड जाळात लाकडातील वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतात. ती जळणाची हानी तर होयच. पण तो धूर जातो कोठे? फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. आपल्या मागल्या पिढीतील किती आया-आज्यांचे डोळे अकाली अधू झाले आणि किती जणी बारमाही खोकत राहिल्या, हे प्रत्येकाने आपापल्या घरी आठवून पाहावे.

फोडण्याचे काम आजवर कोण करीत आले? बहुतेक आमच्या भागातील कातकरी बांधव. पूर्वी खैराचा कात काढणे हा ज्यांचा व्यवसाय, आणि त्यावरूनच ज्यांचे नाव पडले, ते पुढे कोळसा पाडणे, लाकूडतोड आणि वीटभट्टी यांवर पोट भरू लागले. पाचर कोठे लावावी, ओंडक्याची रेषा कोणीकडे धावते, हे त्यांचा डोळा एका दृष्टिक्षेपात ओळखतो. आम्ही शाळेत भूमिती शिकविली, पण लाकडातील भूमिती त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. परंतु आता त्यांतील तरुण कार्तिकानंतर सहकुटुंब वीटभट्ट्यांवर जातात आणि वैशाखाअखेर परततात. म्हणजे लाकूड फोडून वाळविण्याचा जो नेमका हंगाम, त्यातच हे काम करणारे हात गावात नसतात. आणि जे राहिले आहेत ते वयाने आमच्याएवढे आहेत. त्यांनी तीस इंची ओंडक्यावर घण मारीत राहावे अशी अपेक्षा धरणे बरे दिसत नाही.

अशा वेळी घाटावरच्या आपल्या एका ज्ञातिबंधूंनी आपले यंत्र ट्रॅक्टरसह दोन हंगाम गावी आणले. त्याची रचना आता थोडक्यात सांगतो.

बंद भांड्यातील द्रवावर एका जागी दाब दिला म्हणजे तो सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो, हे तत्त्व सतराव्या शतकात फ्रान्समधील पास्काल याने मांडले. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने त्यावरून दाबयंत्र बनवून १७९५ साली त्याचे पेटंट घेतले. आणि ट्रॅक्टरच्या पाठीशी अवजार नुसते साखळीने न ओढता तीन बाहूंनी जोडून तेलाच्या दाबाने वरखाली करावयाची युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन याने सिद्ध केली. त्याचा तसा ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला. आपल्या देशात १९५९ साली फरिदाबादेस ट्रॅक्टर तयार होऊ लागले. आज कोणत्याही गावचा पोरगा ‘लिंकेज’ आणि ‘पीटीओ’ हे शब्द बाराखडीपूर्वी शिकतो! लाकूड फोडण्याचे यंत्र या सर्वांची बेरीज आहे. तीन बाहूंवर एक भक्कम लोखंडी तुळई, तिच्या एका टोकास पोलादी पाचर, दुसऱ्या टोकास तेलाचे नळकांडे आणि त्यातून पुढेमागे सरकणारा दट्ट्या. ट्रॅक्टरच्या पाठीमागील फिरता दांडा, ज्यास पीटीओ म्हणतात, तो पंप फिरवितो, पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्यास ढकलते, आणि दट्ट्या ओंडक्यास पाचरीवर दाबतो. घाव नाही, आवाज नाही, केवळ दाब.

हा दाब किती? नळकांड्याचा आतील व्यास १० सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो असला तर एकंदर जोर पावणेचौदा टनांच्या आसपास जातो. आणि वेग? पंपाने मिनिटास २० लिटर तेल दिले तर दट्ट्या सेकंदाला सव्वाचार सेंटिमीटर सरकतो. ६० सेंटिमीटरची चाल पुरी करण्यास चौदा सेकंद, आणि परतीस, मधल्या दांड्याने जागा व्यापिली असल्याने, त्याहून थोडी कमी. म्हणजे एका शकलास सुमारे अर्धा मिनिट. या कामास प्रत्यक्ष शक्ती लागते ती साडेसात-आठ अश्वशक्तीच. तेव्हा पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा कान पिळून काळा धूर काढण्याचे काहीएक कारण नाही. पीटीओस नेमून दिलेल्या ५४० फेऱ्यांहून अधिक वेगाने तो फिरवू नये, आणि पंपास पुरत असेल तर त्याहून कमीच ठेवावा. चालक तरुण असला म्हणजे हे त्यास दहा वेळा सांगावे लागते.

ज्या यंत्राची तुळई उभी करून जमिनीस टेकविता येते ते घ्यावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. आडव्या यंत्रावर दीड-दोनशे किलोंचा ओंडका कमरेएवढा उचलावा लागतो, आणि मग यंत्राने वाचविलेले श्रम कंबर परत भरते. उभ्या यंत्रात ओंडका पहारीने लोटत आणावा, बुडाशी उभा करावा, बस्स. ओंडक्याची दोन्ही टोके करवतीने काटकोनात कापलेली असावीत. तिरके टोक दाबाखाली निसटते, आणि पावणेचौदा टनांखालून निसटलेले लाकूड कोठे जाईल हे सांगता येत नाही. गाठाळ ओंडका मधोमध फोडण्याचा हट्ट धरू नये. कडेकडेने फळ्या काढीत आत जावे. चिंचेच्या लाकडाचे तंतू वेणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, ते फुटत नाही तर फाटते. तेथे घाई करू नये. माडाच्या खोडाच्या वाटेस जाऊच नये. त्यास वर्षवलये नाहीत, सरळ फुटेल अशी रेषा नाही, पाचर नुसती रुतून बसते. वादळात पडलेले माड आमच्याकडे साकवास आणि ओट्याच्या पायरीस उपयोगी पडले, तेच ठीक झाले.

आता ज्यासाठी आम्ही आज मुख्यतः उभे आहोत तो भाग.

हे यंत्र सावकाश चालते. सेकंदाला सव्वाचार सेंटिमीटर म्हणजे गोगलगाय नव्हे, पण मुंगीहून फारसे वेगवान नाही. त्यामुळे ते पाहणाऱ्यास भीती वाटत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. चालत्या करवतीजवळ कोणी हात नेत नाही. या दट्ट्याजवळ मात्र माणूस सहज हात नेतो. ओंडका थोडा कलला, जरा सरळ करू, असे त्यास वाटते. कुऱ्हाड मारणाऱ्याचा हात लाकडातला प्रतिकार जाणतो आणि थांबतो. तेलाच्या दाबास समोर आंब्याची गाठ आहे की माणसाचे बोट आहे हे कळत नाही.

चांगल्या यंत्रास यासाठी दोन दांडे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे धरले तरच दट्ट्या पुढे जातो. एक जरी सोडला तरी तो थांबतो. ज्याचे दोन्ही हात दांड्यांवर आहेत त्याचा हात पाचरीखाली जाऊ शकत नाही, इतकी ही साधी आणि सुंदर योजना आहे. शेजारच्या तालुक्यात एका यंत्रमालकाने काम भराभर व्हावे म्हणून यांतला एक दांडा सुतळीने कायमचा बांधून टाकिला. मग एक जण दुसरा दांडा ओढी आणि दुसरा ओंडके लावी. दुपारपर्यंत काम झपाट्याने झाले. दुपारनंतर ओंडके लावणाऱ्याचा हात आत असतानाच दांडा ओढला गेला. ओढणाऱ्यास वाटले, हात निघाला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो गृहस्थ कातकरी वाडीतला, चाळिशीचा, घरात खाणारी सहा माणसे. आता त्यास कुऱ्हाडीची मूठ पेलवत नाही आणि आवणाची मूठही नीट धरता येत नाही. मालकाने पहिल्या दिवशीचा औषधपाण्याचा खर्च दिला आणि पुढे ‘त्यानेच हलगर्जीपणा केला’ असे सांगून हात झटकले. ज्याचे दोन्ही हात शाबूत आहेत त्याने हात झटकावे, हे ऐकून आम्हांस त्या दिवशी जेवण गेले नाही.

असे यापूर्वीही घडलेले आहे. हरित क्रांतीच्या काळात गव्हाची मळणी यंत्रे उत्तरेकडे पसरली तेव्हा पेंढी आत सारताना कित्येक मजुरांचे हात गेले. अखेर संसदेस १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. लाकूड फोडण्याचे यंत्र खेड्यापाड्यांतून आता कोठे दिसू लागले आहे. तेव्हा जे शहाणपण यावयाचे ते बोटे शाबूत असतानाच आलेले बरे. म्हणून आमचे म्हणणे असे की, मंडळाच्या यंत्रावर एका वेळी एकच माणूस असावा: ओंडका त्यानेच लावावा, दांडे त्यानेच धरावे. बाकीच्यांनी पाच पावले दूर राहून ओंडके आणावेत आणि दट्ट्या मागे जाऊन थांबल्यावरच फोडलेली फाटी उचलावीत. दांडा बांधलेला आढळला तर ते यंत्र त्या क्षणी बंद व्हावे, मग दारी कार्य कोणाचेही असो.

दुसरा धोका पीटीओच्या फिरत्या दांड्याचा. मिनिटास ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदास नऊ. दांड्याचा व्यास साडेतीन सेंटिमीटर धरला तर परीघ अकरा सेंटिमीटर. म्हणजे त्यात अडकलेले वस्त्र सेकंदाला सुमारे एक मीटर गुंडाळले जाते. उपरणे, पदर, ओढणी, लुंगीचे टोक, यांपैकी काहीही असो, पापणी लवण्यापूर्वी माणूस दांड्यापाशी ओढला जातो. त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले असेल तर नवे बसवावे. गोणपाट गुंडाळून काम भागवू नये. तिसरा धोका नळीचा. रबरी नळीस सुईएवढे भोक पडले तर तेलाची धार दिसत नाही, नुसते धुके दिसते; पण ती धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखे वाटते आणि आत हात सडू लागतो. गळती कोठे आहे हे हात फिरवून कधीही पाहू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. आणि तेल शिरल्याचा संशय जरी आला तरी घरी हळद न लावता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मजुरीविषयी दोन शब्द. यंत्र आले म्हणजे चार माणसांचे काम गेले, अशी तक्रार कातकरी वाडीतून आमच्यापर्यंत आली, आणि ती खोटी नाही. परंतु ज्यांच्या हातांनी आजवर आपल्या चुली पेटल्या त्यांनाच यंत्र शिकवून त्यांच्याकडेच ते सोपविले, तर काम जाण्याऐवजी थोडे हलके होईल. गावी दुसऱ्या हंगामात तसे करून पाहिले. लाकडाची रेषा ओळखणारा डोळा यंत्रावरही तितकाच उपयोगी पडतो, हे तेव्हा सर्वांच्या प्रत्ययास आले. पदवीधर पुतण्यापेक्षा पासष्ट वर्षांच्या कातकरी म्हाताऱ्याने कमी तेलात अधिक लाकूड फोडले. मजुरी मात्र दिवसाची ठरवावी, वजनावर नव्हे. खंडीवर पैसे ठरविले की माणूस घाई करतो, आणि घाई झाली की सुतळी बाहेर येते. यंत्र चालविणाऱ्याचा अपघाती विमा मंडळाने उतरवावा. त्याचा हप्ता एखाद्या सत्काराच्या शाली-श्रीफळांहून अधिक होणार नाही.

आणखी एक भीती आम्हांस आहे, ती स्पष्ट बोलतो. हातात सोपे साधन आले म्हणजे उभ्या झाडाकडेही सरपण म्हणून नजर जाऊ लागते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. परंतु कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी मंडळाच्या यंत्राने केवळ पडलेली, वठलेली किंवा छाटणीची लाकडे फोडावीत असा निर्बंध ठरावातच असावा. निसर्ग वादळाच्या पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत येऊन गेले. पडलेली झाडे आपणांस कमी पडतील असे दिसत नाही.

ठरावाचा मसुदा आपणांकडे आहेच. त्यात आम्ही एक दुरुस्ती सुचविली आहे ती अशी: दरवर्षी पौष-माघात फोडलेल्या पहिल्या लाकडांतून सहाशे किलो, म्हणजे दोन चितांपुरते, स्मशानातील पत्र्याच्या निवाऱ्यात रचून ठेवावे, आणि वापरले गेले की पुन्हा भरावे. ते केवळ ज्ञातिबांधवांसाठी असावे असे मसुद्यात होते. आम्ही ते शब्द खोडून ‘वाडीतील कोणाही माणसासाठी’ असे घातले आहेत. आषाढातल्या त्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन धावलेल्या चौघांत आपल्या ज्ञातीचा एकच होता.

यंत्र घाटावरून काल रात्रीच येऊन पोहोचले आहे आणि कार्यालयाच्या मागील अंगणात उभे आहे. चहापानानंतर, ठरावापूर्वी, त्याचे काम प्रत्यक्ष दाखविले जाईल. पाहण्यास येणाऱ्यांनी उपरणी येथेच ठेवावीत, भगिनींनी पदर खोचून घ्यावेत, मुलांस दोरीच्या अलीकडे धरून ठेवावे, आणि चपला काढून येऊ नये. हे देवालय नव्हे.